फुटबॉलमधलं स्पोर्ट्स सायन्स: व्हिडिओ बघून केल्या जाणाऱ्या या चुका टाळा

हंगाम सुरू झाला की माझ्या मोबाइलवर तेच ते फोटो यायला लागतात. बर्फाच्या पिंपात बसलेला स्ट्रायकर. किती पळालं ते मोजणारं काळं जीपीएस बनियन घालून रांगेत उभी राहिलेली पंधरा वर्षांची पोरं. खाली लिहिलेलं असतं, "सर, आम्ही पण आता प्रोफेशनल!"

मी खेळाडूंच्या फिटनेसचं काम करतो. कोल्हापूरच्या तालीम संघांत, पुण्या-मुंबईच्या अकादम्यांत आणि टर्फवरच्या हौशी टीममध्येही चुका त्याच दिसतात. युरोपातल्या क्लबांचं जे कॅमेऱ्यात दिसतं ते उचलायचं आणि जे दिसत नाही ते सोडून द्यायचं. कॅमेऱ्यात दिसत नाही ते बहुतेक सगळं कंटाळवाणं असतं. १९९६ मध्ये आर्सेन वेंगर लंडनच्या आर्सेनल क्लबला प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांनी जेवणातलं तेलकट-गोड कमी केलं, भाज्या आणि साधं चिकन वाढवलं, स्ट्रेचिंगला वेळ दिला. खेळाडू बसमध्ये चॉकलेटसाठी ओरडा करत होते. दीड वर्षात त्याच संघानं लीग आणि कप दोन्ही जिंकले. श्रेय एकट्या भाज्यांचं नव्हे हे मलाही कळतं, पण त्यात पिंप कुठंच नव्हतं.

मांडीमागचा स्नायू आणि "चालतंय की"

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून इथं जरा लांबण लागेल.

हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची दुखापत ही व्यावसायिक फुटबॉलमधली सगळ्यात नेहमीची दुखापत. युएफा या युरोपातल्या फुटबॉल संघटनेचा मोठ्या क्लबांवरचा अभ्यास २००१ पासून चालू आहे. सुरुवातीला एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ च्या हंगामात तो २४ टक्क्यांवर गेला. डॉक्टर, फिजिओ, एमआरआय सगळं दाराशी असताना ही गत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी भिंतीवर लिहून लावावी म्हणतो: जी दुखापत उलटते, ती बहुतेक वेळा मैदानात परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच उलटते.

कारण सरळ आहे. जोरात पळताना पाय पुढं फेकला जातो आणि टाच जमिनीला लागायच्या आधी मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच पायाला आवर घालतो. ताण आणि जोर एकाच क्षणी. हळू पळताना एवढा ताण येतच नाही. त्यामुळं जॉगिंग जमलं म्हणजे स्नायू बरा झाला, या समजुतीला काही आधार नाही.

अ‍ॅटलेटिको माद्रिदचा स्ट्रायकर दिएगो कोस्टाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या कोचला ऐकवतो. १७ मे २०१४ ला बार्सेलोनात लीगच्या शेवटच्या सामन्यात त्याची मांडी गेली, सोळाव्या मिनिटाला तो बाहेर आला. आठवड्यावर चॅम्पियन्स लीगची फायनल. मग बेलग्रेडला जाऊन घोड्याच्या वारेचा (प्लासेंटाचा) अर्क चोळून घेण्याचे उपचार झाले, जगभर बातम्या झाल्या. २४ मे ला लिस्बनमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध तो उतरला आणि नवव्या मिनिटाला परत बाहेर. एक बदली खेळाडू तिथंच खर्ची पडला. ९३ व्या मिनिटाला रामोसनं बरोबरी केली तेव्हा अ‍ॅटलेटिकोचे तिन्ही बदल संपलेले होते आणि जादा वेळेत पोरं लंगडत होती. ४-१ नं हरले. जबाबदारी आपली, हे कोच सिमिओनेनं नंतर मान्य केलं.

आता आपल्याकडचं. एका पेठेचा संघ, नाव घेत नाही. त्यांचा डावा विंगर म्हणजे वारा. सेमीफायनलला टचलाइनवर बॉल पुढं ढकलून सुटला आणि मध्येच हात मांडीमागं गेला. फायनल पुढच्याच आठवड्यात. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याला तेल लावून रगडायला नेलं. स्नायू आतून फाटलेला असताना पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात रगडणं म्हणजे आतला रक्तस्राव वाढवणं, हे सांगून माझं तोंड दुखलं. फायनलच्या सकाळी त्याला मैदानाला दोन राउंड मारायला लावले. मांडीवर एकावर एक दोन क्रेप बँडेज, वर स्प्रेचा पांढरा थर. कार्यकर्ते खुशीत. "पळतोय नव्हं? चालतंय की! आणि काय पायजे तुम्हाला?"

मी म्हटलं, याला एकदा फुल स्पीडनं चाळीस मीटर पळवून दाखवा. त्यावर उत्तर मिळालं, "ते डायरेक्ट मॅचमध्येच बघू."

मॅचमध्ये बघितलं सगळ्यांनी. पहिली वीस मिनिटं तो चेंडू पायात मागत राहिला, जागेवरून हललाच नाही म्हणा ना. मग मागून लांब बॉल आला, हा सुटला आणि तिसऱ्या पावलाला खाली बसला. उरलेला हंगाम गेलाच. पण मला लागली ती पुढच्या वर्षीची गोष्ट. मांडी पूर्ण बरी झाली होती, ताकद मोजली तर दोन्ही पाय सारखे. तरी हा पोरगा मोकळी जागा दिसली की वेग कमी करायचा आणि चेंडू मागं द्यायचा. स्नायू भरला होता, भरवसा भरला नव्हता. शेवटी त्याला बॅकला, म्हणजे बचावात खेळवायला लागले आणि तिथं तो कुणालाच आठवेनासा झाला. स्पोर्ट्स सायन्स आणि सायकॉलॉजी अशी दोन वेगळी खाती करणाऱ्यांनी त्या पोराला एकदा भेटावं.

माझी सवय सांगतो, हिला कुणी प्रोटोकॉल म्हणू नये. सामन्याआधी सरावात दोन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण वेगानं पळून दाखवल्याशिवाय मी होकार देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कशी आहे ते विचारतो. आणि पळताना पायाकडं कमी, चेहऱ्याकडं जास्त बघतो.

ही दुखापत टाळण्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम करा. गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढं झुकत जायचं. डेन्मार्कमध्ये ५० संघांवर केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या हॅमस्ट्रिंग दुखापती निम्म्याहून जास्त कमी झाल्या. सामान काही लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. आणि जे करतात ते पहिल्याच दिवशी तीन सेट दहा-दहाचे मारतात, दोन दिवस त्यांना भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही आणि मग "आम्हाला हा व्यायाम सूट होत नाही" म्हणून बंद. डेन्मार्कच्या त्या कार्यक्रमात पहिल्या आठवड्यात एकदाच होतं, दोन सेट, पाच-पाच. मग दहा आठवड्यांत थोडं थोडं वाढवत नेलं. एवढा दम नसेल तर तक्ते डाउनलोड करू नका.

फुटकळ, पण रोजच्या

सामन्याआधी एकेक मिनिट स्नायू ताणून धरून बसू नका, वेग आणि उडी दोन्ही थोडी मंदावतात. फिफाचा ११ प्लस वॉर्मअप फुकट आहे, वीस मिनिटांचा आहे, पंधरा व्यायाम आहेत, आठवड्यातून निदान दोनदा करा. अर्धवट केला तर फायदाही अर्धवट.

बर्फाचं पिंप: तीन दिवसांत दोन सामने असतील तर ठीक. जिमनंतर रोज बसलात तर कमावलेली ताकद तुम्हीच थंड करताय.

सामन्याआधी मिसळ नको. साडेतीन-चार तास आधी भात, पोळी, बटाटा असं साधं खा.

एप्रिलच्या दुपारी खेळताना सामन्याआधी आणि नंतर वजन करा. किलो उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. वजनकाटा एनर्जी ड्रिंकच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो.

कुणीतरी दिलेली पावडर-गोळी घेऊ नका. मँचेस्टर सिटीच्या कोलो तुरेनं बायकोच्या वजन कमी करायच्या गोळ्या घेतल्या आणि २०११ मध्ये सहा महिन्यांची बंदी भोगली. डोपिंगच्या समितीला तुमचा भोळेपणा दिसत नाही.

जीपीएस बनियनबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. पोरं अकरा किलोमीटर पळाली हे कळून तुम्ही उद्याचा सराव बदलणार आहात का? नसाल तर ते महागडं बनियनच आहे. मी वही ठेवतो. सराव संपल्यावर थोड्या वेळानं प्रत्येकाला विचारायचं, आजचा सराव शून्य ते दहा मध्ये किती जड गेला. त्याला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि सात, म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यांपेक्षा एकदम उसळली की त्या पोराला दुसऱ्या दिवशी हलकं ठेवायचं. ही पद्धत मोठे क्लबही वापरतात, फक्त तिचा फोटो चांगला येत नाही.

"पेनल्टी म्हणजे लॉटरी"

हे वाक्य म्हणणाऱ्या कोचनं पेनल्टीचा सराव घेतलेला नसतो, हा माझा अनुभव.

गेअर यॉर्डेट या नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञानं मोठ्या स्पर्धांतली शूटआउट, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टींवर होणारा निकाल, फ्रेम-फ्रेम करून बघितली. मारला की जिंकलो, अशा पेनल्टीवर गोल होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आढळलं. चुकला की हरलो, अशा वेळी ते साठच्या आसपास घसरलं. अंतर तेच, गोलपोस्ट तीच. दुसरी गोष्ट घाईची. इंग्लंडचे खेळाडू रेफरीची शिट्टी वाजली की बाकीच्या देशांपेक्षा लवकर सुटायचे, प्रसंग एकदाचा संपवायचा म्हणून. १९९० ते २०१२ मध्ये इंग्लंड सहा शूटआउट हरलं. त्यातल्या १९९६ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) सेमीफायनलमध्ये जर्मनीविरुद्ध चुकलेला खेळाडू गॅरेथ साउथगेट, आणि २०१८ च्या विश्वचषकात तोच प्रशिक्षक. त्यानं लॉटरी हा शब्दच बाजूला ठेवला. सराव घेतला, कोण मारणार ते ठरवलं, मानसशास्त्रज्ञ पिपा ग्रेंज संघाबरोबर आधीपासून काम करत होती. कोलंबियाविरुद्ध गोलकीपर पिकफर्ड स्वतः चेंडू उचलून आपल्या खेळाडूच्या हातात देत होता, म्हणजे प्रतिस्पर्धी गोलकीपरला खेळ करायला वावच नाही. हेंडरसन चुकला, तरी ४-३ नं जिंकले. विश्वचषकातली त्यांची ही पहिलीच शूटआउट जीत.

म्हणून तयारी केली की जिंकतोच असं नाही. युरोच्या २०२१ च्या फायनलमध्ये त्याच साउथगेटनं रॅशफर्ड आणि सँचोला अगदी शेवटच्या मिनिटाला खास पेनल्टीसाठी उतरवलं. दोघंही चुकले, मग एकोणीस वर्षांचा साकाही. थंड पायानं, चेंडूला जेमतेम स्पर्श झालेला असताना थेट बारा यार्डांवर उभं करणं हा शॉर्टकट होता आणि मला तो तेव्हाही पटला नव्हता. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडनं पाचच्या पाच मारल्या, साकाही त्यात होता.

माझ्याकडं पेनल्टी सरावाच्या शेवटी होतात, पाय जड झाल्यावर. सेंटर सर्कलमधून एकट्यानं चालत यायचं, पळत नाही. चेंडू स्वतःच्या हातानं ठेवायचा. कोपरा चालतानाच ठरलेला असतो, तो बदलायचा नाही. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास. बाकीचे मागून शिव्या घालतात, तेवढी सोय आपल्याकडं आपोआप होते. रोज फक्त एक पेनल्टी. दहा मारायला मागणाऱ्याला मी घरी पाठवतो, कारण सामन्यात दुसरी मिळत नाही.

फायनलच्या आदल्या रात्रीचा वक्ता

टाळ्या, घोषणा, डोळ्यांत पाणी, "वाघ" हा शब्द निदान वीस वेळा. याला सायकॉलॉजी म्हणू नका. २०१४ ला ब्राझीलचा संघ घरच्या विश्वचषकात चिलीविरुद्धच्या शूटआउटच्या वेळी रडत होता, कप्तान थियागो सिल्वा चेंडूवर एकटाच बाजूला जाऊन बसला होता. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांना तातडीनं शिबिरात बोलावलं. सेमीफायनलला जर्मनीकडून ७-१ नं हरले. नेमार आणि सिल्वा दोघंही त्या सामन्यात नव्हते हे खरं, पण बंब आग लागल्यावर येतो आणि मानसशास्त्रज्ञाचं काम त्याच्या खूप आधी सुरू व्हायला लागतं. इटलीच्या एसी मिलान क्लबनं २००२ मध्ये खेळाडूंच्या फिटनेससाठी मिलान लॅब उभी केली तेव्हा पहिल्यापासूनच मानसशास्त्रज्ञ आत होता.

आणि "मेंटली टफ बन" हे वाक्य जपून वापरा. जर्मनीचा गोलकीपर रॉबर्ट एंके नैराश्याशी झगडत होता आणि बाहेर कळू नये म्हणून ते लपवून खेळत होता. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यानं आत्महत्या केली. पोरगा गप्प झाला, झोपेना झाला, सरावाला टाळाटाळ करायला लागला, तर आधी शेजारी बसून ऐका आणि मग डॉक्टरकडं न्या. भाषणं ठोकू नका.

डोक्याला मार

शेवटची, आणि इथं माझ्याशी वाद घालायला येऊ नका. २०१४ च्या विश्वचषक फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला जोरदार टक्कर बसली. तो तसाच खेळत राहिला आणि थोड्या वेळानं त्यानं रेफरीलाच विचारलं, ही फायनल आहे का? मग ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. रिओच्या मॅराकाना मैदानावर, जगातले उत्तम डॉक्टर बाजूला बसलेले असताना. आता नियमांत स्पर्धांना डोक्याच्या मारासाठी वेगळा कायमस्वरूपी बदल (मार लागलेला खेळाडू परत आत येत नाही) ठेवता येतो. आपल्या स्थानिक स्पर्धेत ती सोय नसेल तर आयोजकांकडं मागा. मिळाली नाही तर दहा जणांनी खेळा. तोंडावर पाणी मारून, "किती बोटं?" विचारून पोराला परत आत पाठवणाऱ्या कोचच्या संघाबरोबर मी काम करत नाही.