महोत्सवाच्या अंकाची तयारी

कोल्हापूरच्या चित्रपट महोत्सवावरच्या अंकाचं निम्मं काम पहिला खेळ सुरू व्हायच्या आठवडाभर आधी संपलेलं असावं लागतं. दोन वर्षं कॉलेजच्या अंकाचं संपादन केलं, आता वही तुझ्या हातात देतोय, म्हणून आमच्याकडून जे जे राहून गेलं ते आधी सांगतो.

पासचं बघ. माध्यमांचा पास हवा तर कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, दोन फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स तयार ठेव. विद्यार्थी सवलतीत नोंदणी केली तरी चित्रपट बघायला मिळतील, पण दिग्दर्शकाशी गाठ घालून द्यायला कुणी नसतं. टीममध्ये अकरावी-बारावीची पोरं असतील तर वय विचार. महोत्सवातले बरेच परदेशी चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय, माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट घेऊन दाखवतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना दारातच अडवतात. आमचा सगळ्यात चांगला फोटोग्राफर सतरा वर्षांचा होता. बिचारा पहिला दिवसभर दसरा चौकात चहा पीत बसला.

वेळापत्रक आलं की लगेच वाटणी कर. एकाने दिवसाला दोनच चित्रपट बघायचे. तिसरा डोळ्यांसमोरून जातो, डोक्यात शिरत नाही, आणि मग पोरं माहितीपुस्तिकेतला परिच्छेद फिरवून परीक्षण म्हणून आणून देतात. ते ओळखायची खूण सोपी आहे: कथा अर्ध्यावर थांबते आणि शेवटाबद्दल चकार शब्द नसतो.

आता नावांची यादी. ही मी पहिल्या वर्षी केली नाही आणि एका इराणी दिग्दर्शकाचं नाव आम्ही एकाच पानावर तीन तऱ्हांनी छापलं. चित्रपट, दिग्दर्शक, देश, भाषा, वर्ष, लांबी मिनिटांत, असे रकाने आख आणि देवनागरी रूप एकदाच ठरवून टाक. पोलिश नावात डब्ल्यू दिसला की उच्चार ‘व’, जे दिसला की ‘य’. फ्रेंच नावातलं शेवटचं अक्षर बहुधा मुकं असतं. शंका आली तर दिग्दर्शकालाच नाव म्हणायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड करून घे. कुणी रागावत नाही, उलट खूश होतात.

अंधारात लिहायची सवय घरीच कर. दिवा मालवून दहा मिनिटं लिहून बघ, ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतील. मी डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला टेकवायचो आणि ओळ झाली की बोटभर खाली सरकवायचो. बाहेर आल्यावर निदान स्वतःचं अक्षर लागायचं. फोनवर टिपणं घेऊ नकोस, मागच्या रांगेतल्याच्या डोळ्यांत उजेड जातो. आणि पडद्याचा व्हिडिओ तर दहा सेकंदांचाही नको. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना रेकॉर्डिंगला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. स्टोरी टाकायची हौस असेल तर बाहेरच्या पोस्टरचा फोटो टाक.

उद्घाटनाला एक फोटो आणि चार ओळी बास. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची नावं हे सगळं दैनिकांत येणारच आहे. आपण सभागृहात बसायचं. दुपारी साडेबाराच्या कोरियन चित्रपटाला कोल्हापुरात कोण येतं, हे कुणीच लिहीत नाही. शाहू स्मारकला मला एक निवृत्त काका दिसायचे, रोज कडेचीच खुर्ची धरायचे. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “पुढच्याचं डोकं मधी आलं की खालची अक्षरं दिसत न्हाईत बाळ. हितनं वाकून वाचता येतंय.” खिशात चष्मे दोन, एक पडद्याचा, एक अक्षरांचा. त्यांच्यावरचा दीडशे शब्दांचा तुकडा आमच्या अंकात सगळ्यात जास्त वाचला गेला. उद्घाटनावर आम्ही अख्खं पान घालवलं होतं, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

खेळानंतरच्या गप्पांसाठी प्रत्येकाने एकच प्रश्न लिहून न्यायचा, तोही एका वाक्यात. आपल्याकडे प्रश्न विचारायला उठलेला माणूस भाषण करून बसतो.

कोल्हापूरच्या सिनेमावर चौकट द्यावीच लागेल, सर मागतातच. पण आख्खा इतिहास कोंबू नकोस. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली तीही कोल्हापुरातच. प्रभात पुण्याला गेली १९३३ मध्ये. दरवर्षी कुणीतरी ‘पुण्याची प्रभात’ असं लिहून आणतं, ते खोड आणि त्यालाच वहीत वर्तुळ केलेलं १९३२ दाखव: पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला. फोटोसाठी खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ सकाळी लवकर काढ, नंतर समोर गाड्या लागतात.

पिशवीत पॉवर बँक, दोन पेन, पाण्याची बाटली आणि भडंगाचं पाकीट. दोन खेळांमध्ये वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात मिसळ होत नाही. आम्ही प्रयत्न करून पाहिलाय आणि चित्रपटाची सुरुवात घालवलीय.

छापखान्याची तारीख आधीच पक्की कर आणि त्यांचा फॉन्ट कुठला ते विचार. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, त्यांच्याकडे अजून जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट चालतो. मजकूर बदलताना ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, ‘ऱ्या’चे तुकडे होतात, आणि परदेशी नावं तर या अक्षरांनीच भरलेली असतात. म्हणून प्रूफ व्हॉट्सॲपवर मागवू नकोस. कागदावर काढून घे, नावांची यादी शेजारी ठेव आणि एकेका नावावर पेन्सिलीने टिंब करत जा. आमचं हे काम रात्री अकराला सुरू झालं होतं. तू सातला बस.