फिस्टुलाला सुई लावताना या चुका टाळा

जत, कवठेमहांकाळहून पहाटेची एसटी धरून पेशंट डायलिसिससाठी मिरजेला येतो. मशीन तयार असतं, पुढचा नंबर बाहेर ताटकळत असतो, आणि आपण हात पुढ्यात घेऊन थेट सुई लावतो. पहिली चूक इथंच होते. आधी फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून तयार केलेल्या नसेवर, बोटं ठेवा. मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागली पाहिजे. नुसते नाडीसारखे जोरदार ठोके लागत असतील, तर पुढं कुठंतरी नस अरुंद झालीय. हात वर करायला सांगा. फुगलेली नस बसली तर बरं. टणकच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. थरथर अजिबात नसेल तर सुई लावूच नका, लगेच सर्जनला कळवा.

नव्या फिस्टुलाला सहाचा हिशेब लक्षात ठेवा: साधारण 6 आठवडे, नस 6 मिमी रुंद, कातडीखाली 6 मिमीच्या आत, प्रवाह मिनिटाला 600 मिली. सुरुवात 17 गेजच्या बारीक सुईनं, मशीनचा रक्त ओढणारा पंप कमी ठेवून.

माझी स्वतःची चूक सांगतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मामा दर वेळी म्हणायचे, "दादा, तितंच टोचा की, दुखत न्हाई." मीही टोचत राहिलो. मलाही ती जागा सोपी होती, खोटं कशाला बोलू! हळूहळू तिथं लिंबाएवढा फुगा आला, वरची कातडी पातळ, चकचकीत झाली. अशा कातडीवर खपली दिसली की तो धोका समजा; फुटली तर रक्त आवरत नाही. दर वेळी जागा शिडीच्या पायऱ्यांसारखी थोडी थोडी सरकवा. बटनहोल ही वेगळी पद्धत आहे: तेच छिद्र, तोच कोन, आधी खपली नीट काढायची, वाट तयार झाल्यावर बोथट सुई. दोन्हींची सरमिसळ नको.

सुई चुकली तर आत फिरवून नस शोधत बसू नका.

व्हीनस प्रेशरचा, म्हणजे मशीनमधून रक्त परत शरीरात जातानाच्या दाबाचा, एकाच दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही. तीच सुई, तोच पंप असून तो सलग चढत असेल तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

शेवटी, सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाबा, आधी नाही. किमान दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. दाब एवढाच, की बोटाखालची थरथर थांबू नये. पट्टा करकचून बांधून दुसऱ्या पेशंटकडं पळू नका. पाचची एसटी जाईल म्हणून मामा उठायला बघतातच. जाऊ दे, सहाची मिळते.