पहिली-दुसरी एकाच खोलीत: जूनआधीची तयारी

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत पहिली आणि दुसरी बहुधा एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे असतात. तिथे सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की एका इयत्तेला शिकवताना दुसरीकडची मुलं काय करतील. ते काम मुलाला मधे काहीही न विचारता पुरं करता आलं पाहिजे. नाही तर इकडे पहिलीला 'म' गिरवून दाखवेपर्यंत तिकडून 'बाई, झालं', 'बाई, आता काय करू' सुरू होतं आणि दोघांचाही तास जातो. पुढचा हिशोब वीस मुलांचा आहे, पट वेगळा असेल तसा बदलून घ्या.

बसायच्या पट्ट्या अशा अंथरा की पहिलीच्या मुलांची पाठ दुसरीच्या मुलांकडे होईल आणि दोघांना आपापला फळा समोर दिसेल. खोलीत एकच फळा असेल तर दुसऱ्या भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर काळा पट्टा रंगवून घ्या. तिथे मुलं स्वतः खडूने लिहू शकतात. डब्यात टोक केलेल्या दहा पेन्सिली कायम तयार ठेवा. टोक मोडलं की मूल आपली पेन्सिल डब्यात टाकून दुसरी उचलतं, आणि टोक करायचं काम मधल्या सुट्टीवर जातं. एवढ्याशा सोयीने वर्गातली निम्मी उठबस थांबते.

आता गणिताच्या काड्या. इथे घाई करू नका, कारण वर्षभराची बेरीज-वजाबाकी यांवरच उभी राहते. चार-चार मुलांचे पाच गट धरा. प्रत्येक गटाला दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्ट्या काड्या, म्हणजे एका गटाला 110, एकूण 550. सुट्ट्या वीस कशाला? हातच्याच्या बेरजेत एककाच्या घरात नऊ आणि नऊ आले तर अठरा सुट्ट्या लागतात, आणि दोन हरवणार हे धरूनच चालायचं. आईस्क्रीमच्या काड्या चालतील, नाही तर खराट्याचे हिर सारख्या मापाने कापा आणि टोकं दगडावर घासून बोथट करा. गठ्ठे फेविकॉलने चिकटवू नका. 42 मधून 17 काढताना एक गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने सोडायचा असतो. तो सुटलाच नाही तर दशक मोडणं म्हणजे काय हे त्याला पाहायलाच मिळत नाही. रबरबँड वर्षभरात सुकून तुटतात, म्हणून एक पाकीट जास्तीचं आणा.

याच काड्यांनी मराठीतली एक जुनी अडचणही सुटते. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकलं तसंच लिहितं: 52. ही चूक नुसती लाल पेनाने खोडून जात नाही. आधी दोन गठ्ठे उचलायला लावा, 'वीस', मग पाच सुट्ट्या, 'आणि पाच, पंचवीस', आणि हात ज्या क्रमाने चालले त्याच क्रमाने आकडे लिहून घ्या. एकोणतीस, एकोणचाळीस यांना वेगळा दिवस ठेवा. त्यात पुढच्या दशकाचं नाव आधीच येत असल्यामुळे मुलं 29 ऐवजी 39 लिहितात.

गृहपाठाचं पालकांशी पहिल्या सभेतच बोलून घ्या. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ द्यायचा नाही, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन 1.6 ते 2.2 किलोच्या आत हवं. तरी 'काहीच देत नाही का?' असं पालक विचारतातच. त्यांना तोंडी काम सांगा: घरातल्या ताटल्या मोजून ये, 'क' ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू शोधून ये. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर पाच मिनिटं ते प्रत्येकाकडून ऐका. दोन दिवस ऐकलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणी करून येत नाही. सभा संध्याकाळी ठेवा, जूनमध्ये पेरणी असते. घरातला एकुलता फोनही दिवसभर शेतात असतो, त्यामुळे सामान आणायचा निरोप दोन दिवस आधी पाठवा.

जेवणाआधी हात धुवायला एकच नळ असेल तर अर्ध्या मिनिटाला एक याप्रमाणे वीस मुलांना दहा मिनिटं लागतात, म्हणून पाठ दहा मिनिटं आधीच थांबवा. रेनकोटांसाठी व्हरांड्यात दोरी, पुस्तकांसाठी दप्तरात प्लास्टिकची पिशवी.

पहिला प्रकल्प मटकीचा ठेवा. थर्माकोलची घरं पालक करतात आणि मूल बाजूला बसून बघतं. मटकीत मात्र रोज बघायचं काम मुलाचंच असतं. पन्नास ग्रॅम मटकी सोमवारी शाळा सुटताना भिजत घाला, मंगळवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. पावसाळी गारव्यात मोड यायला बुधवार संध्याकाळ होते. कुंडी म्हणून नारळाची करवंटी घ्या, मात्र डोळ्यांकडची अर्धी. मऊ डोळा खिळ्याने टोचला की जास्तीचं पाणी निघून जातं. नुसती काळी माती पाण्याने घट्ट बसते, त्यात निम्मी वाळू मिसळा. प्रत्येकाला पाच दाणे, नखभर खोल. एखादा गणंग, म्हणजे भिजवूनही कडकच राहिलेला दाणा, निघतो, एखादा कुजतो, तरी हाती दोन-तीन रोपं राहतात. सगळ्यात जास्त नुकसान पाण्याने होतं: मुलं प्रेमाने दिवसातून चार वेळा पाणी घालतात, बुरशी धरते आणि वास सुटतो. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं, दिवसातून एकदा, परिपाठानंतर. वहीत रोज एक चौकट आखून त्या दिवशी दिसलं तेवढंच चित्र काढायचं, काही दिसलं नाही तर नुसती माती काढायची. रविवारचं पाणी शनिवारी शाळा सुटताना घाला आणि करवंट्या खिडकीतून काढून सावलीत ठेवा.