डॅशबोर्ड खोलायच्या आधी काय काय तयार पाहिजे

डॅशबोर्डला तडा गेलाय म्हणून लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. आधी महिनाभर नुसती तयारी करा, कारण जुन्या गाडीचा डॅशबोर्ड निघायला अर्धा दिवस पुरतो पण निघाल्यावर एखादं सामान मिळालं नाही की गाडी तशीच उघडी पडून राहते, आणि त्या काळात जेवढे क्लिप हरवतात आणि वायरी ओढल्या जातात तेवढं नुकसान तड्यानं पण झालेलं नसतंय. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर कुठंही जावा, कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये एखादी कॉन्टेसा नाहीतर एखादी जुनी मारुती ८०० जपून ठेवलेली दिसतेच, त्या सगळ्यांसाठी हे लिहायलोय.

पहिलं काम म्हणजे आपला डॅशबोर्ड कसला आहे ते ओळखायचं. जुन्या फियाट ११०० सारख्या गाडीत तो पत्र्याचाच असतोय, तिथं तडा जात नाही, रंग उडतो आणि गंज धरतो, ते काम पेंटरचं. तडा जातो तो पॅड असलेल्या डॅशबोर्डला. त्यात सगळ्यात खाली पत्र्याचा नाहीतर कडक प्लास्टिकचा सांगाडा असतोय, त्यावर पियू (पॉलियुरेथेन) फोम आणि वर व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतोय, तो उन्हानं वर्षानुवर्षं उडत राहतो. पुढच्या काचेला आतून जो तेलकट धूसर थर बसतो ना, तो बऱ्याच वेळा हाच. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशापर्यंत तापू शकतो, मग कातडी आखडते, पापडासारखी कडक होते आणि जिथं ताण जास्त तिथं, म्हणजे स्पीकरच्या जाळीचा कोपरा, एसीच्या खिडकीची कड, मीटरवरचा उंचवटा, तिथून फाटते. तड्याची जागा नीट बघून ठेवा, परत तडा जाणार तो तिथनंच.

आता बोटानं तड्याच्या दोन्ही बाजू हळू दाबून बघा. फोम दबून परत वर येत असेल आणि तडे दोन-तीनच असतील तर भरून घेण्याजोगं काम आहे. दाबल्यावर कुरकुर आवाज आला, पिवळी भुकटी पडली, तर आतला फोम मेलाय आणि वरनं कितीही भरलं तरी टिकणार नाही, तिथं जुना फोम खरवडून नवीन बसवून रेक्झीन चढवायचं काम धरा. आणि सांगाडाच वाकलाय, बसवायचे कान तुटलेत, तरच दुसरा डॅशबोर्ड शोधायचा. माझं ठाम मत असं की जमेल तोपर्यंत आपला मूळचा वाचवावा. बाजारात जो दुसरा मिळेल तो पण तेवढाच जुना असणार आणि तेवढंच ऊन खाल्लेला असणार. शिवाय आता २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तर ज्यांची गाडी त्या वयाच्या जवळ आली आहे त्यांनी तर एकेक मूळचा तुकडा सांभाळायलाच पाहिजे.

तरीपण दुसरा शोधायचाच असेल तर शोध आधी आणि खोलणं नंतर. बेंगळुरूत जेसी रोड आणि शिवाजीनगरची गुजरी, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याचा जुना बाजार, इकडं चौकशी करून ठेवा, आणि फोनवर नुसतं "आहे" म्हटलं म्हणून पैसे पाठवू नका, पाठीमागच्या बाजूचे फोटो मागवा. वरनं चकचकीत दिसणाऱ्याचे मागचे कान तुटलेले असतात. जुन्या मर्सिडीजवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, परदेशातनं मागवायचे जे तयार वरचे कव्हर मिळतात त्यातले कितीतरी डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे असतात, ते आपल्याला उलटे पडतात.

मग मुहूर्त. मुहूर्त म्हणजे हवा बघून. पावसाळ्यात हे काम काढूच नका, त्यात खानापूर, कणकुंबी, जांबोटी भागातले असाल तर अजिबात नको. रबर सोल्युशन सुकताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेत त्यावर बारीक ओल धरते आणि चिकटपणा कच्चा राहतो, आज बसलेलं रेक्झीन एप्रिलच्या उन्हात कोपऱ्यातनं फुगून वर येतंय. दसऱ्याच्या तोंडावर पण नको, कारण खंडेनवमीच्या पूजेला गाडी चकचकीत पाहिजे म्हणून सगळ्यांचीच घाई असते आणि कुशनवाल्याकडे रांग लागलेली असते, घाईत केलेलं काम दिसतं. तुळशीचं लग्न झाल्यापासनं शिवरात्रीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, हवा कोरडी आणि ऊन सोसवेल एवढं.

कुशनवाला कोण ते पण आधी ठरवा. सीट चांगली शिवणारा प्रत्येक माणूस डॅशबोर्ड चांगला चढवेलच असं नाही, कारण सीटला शिलाई असते, डॅशबोर्डला सगळा खेळ ओढण्याचा आणि चिकटवण्याचा. त्यानं आधी केलेला एखादा डॅशबोर्ड, तोही वर्ष-दोन वर्षं उन्हात फिरलेला, बघायला मागा. आतल्या बाजूला वळणाऱ्या खोलगट जागा, मीटरच्या वरची कमान, तिथं रेक्झीन सुटलेलं नसलं तर माणूस कामाचा. शहापूरचा एक म्हातारा कारागीर आहे, तो गाडी बघायच्या आधी विचारतो, "फोम बदलायचा की नुसतं तोंड रंगवायचं ओ?" असला प्रश्न विचारणारा भेटला की निम्मी काळजी गेली समजा. आणि सांगाड्याचा एखादा कान तुटलाय, कमानीचा आकार गेलाय असं असेल तर बेळगावात राहण्याचा फायदा घ्या, उद्यमबागेत फौंड्रीची कामं आहेत म्हणजे पॅटर्न (ओतकामासाठीचे लाकडी नमुने) बनवणारे आहेत, त्यांचे हात वळणावळणाचा आकार लाकडात हुबेहूब काढायला बसलेले असतात, असा आधाराचा तुकडा त्यांच्याकडनं करून घेता येतो. त्यासाठी मोडलेला तुकडा टाकायचा नाही, भुकटी झालेली असली तरी पिशवीत भरून ठेवायची.

सामानात रेक्झीन सगळ्यात आधी. चारी बाजूंना ताणलं जाणारं, पाठीला विणलेलं कापड असलेलं घ्या, सोफ्याचं जाड रेक्झीन वळणावर सुरकुत्या पाडतंय. पन्हा साधारण ५४ इंच असतो आणि गाडीचा डॅशबोर्ड पण जवळपास तेवढाच भरतो, वर आत दुमडायला चारी बाजूंनी दोन-तीन इंच पाहिजेच, म्हणून आडवं धरून हिशेब करू नका, लांबीच्या दिशेनं कापून घ्या म्हणजे मध्ये जोड येणार नाही. दुकानातनं आधी वीतभर तुकडा आणून काचेखाली डॅशबोर्डवरच चिकटपट्टीनं लावून आठवडाभर उन्हात ठेवा, रंग उडाला किंवा वास सुटला तर तो माल सोडून द्या. रंग गडद आणि मॅटच घ्या, चकचकीत घेतला तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि चोर्ल्याच्या घाटात दुपारच्या उन्हात समोरचं वळण नीट दिसत नाही. हे मी सौंदर्यासाठी नाही, जिवासाठी सांगतोय.

सोल्युशन उष्णता सहन करणारंच मागा. साधं सोल्युशन काचेखालच्या तापमानात मऊ पडतं. दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. आणि कुणी थर्मोकॉलनं खड्डा भरतो म्हणाला तर थांबवा, रबर सोल्युशनमधलं सॉल्व्हंट थर्मोकॉल खातंय. नुसते तडे भरायचे असतील तर बंपर दुरुस्तीचं लवचिक फिलर आणून ठेवा, पत्र्याला मारतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, मारू नका, ती कडक असते, डॅशबोर्ड उन्हात फुगतो आणि रात्री आखडतो, लांबी त्याच्याबरोबर हलत नाही, पहिल्या उन्हाळ्यातच कडेला रेघ उठते. तड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचं भोक मारायला ड्रिल पाहिजे, त्यानं तडा तिथंच थांबतो, आणि तड्याची कड तिरकी कापायला धारदार ब्लेड. पॉलिश पेपर ८० पासनं ३२० पर्यंत.

आता हे मात्र नीट वाचा, कारण चांगल्या चांगल्या कारागिरांचं काम इथं फसतं. वर्षानुवर्षं आपण डॅशबोर्डला चमक आणायला जे स्प्रे आणि पॉलिश मारलेलं असतं त्यात सिलिकॉन असतं. ते कातडीत मुरतं, आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल डाग उठतात, सोल्युशन लावलं की पकडत नाही. म्हणून कामाच्या महिनाभर आधीपासून स्प्रे बंद करा. खोलल्यावर साबणाच्या पाण्यानं, मग पेंटवाल्याकडे मिळणाऱ्या ग्रीस रिमूव्हरनं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, दर वेळी नवीन फडकं, आणि हे सगळं घासायच्या आधी. आधी पॉलिश पेपर मारलात तर सिलिकॉन आणखी आत जातंय. हे करताना दारं उघडी, तोंडाला मास्क, आणि जवळ बिडी-सिगारेट कुणी पेटवायची नाही.

खोलायच्या दिवसासाठी हत्यारं जास्त लागत नाहीत पण अवघड असतात. आखूड दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर पाहिजेच, काचेच्या मुळाशी असलेल्या स्क्रूवर मोठा उभाच राहत नाही, काही गाड्यांत तर पुढची काच काढल्याशिवाय डॅशबोर्ड बाहेर येत नाही, तसं असेल तर काचेचं नवीन रबर आधी आणून ठेवा, जुनं काढताना फाटणारच. गंजलेल्या स्क्रूंवर दोन दिवस आधीपासून तेल सोडा. डबे घ्या, प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळे, वर नाव लिहून, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर चिरतोय.

बॅटरीची अर्थिंगची वायर, म्हणजे बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह, पहिली काढायची, ती काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. मग फोटो, भरपूर फोटो, आणि प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी, नुसता रंग लिहून भागत नाही, कुठनं निघाली आणि कुठं जाते ते लिहा. ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत लुकास (गाड्यांचं विजेचं सामान करणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीचे रंग असतात, तपकिरी म्हणजे बॅटरीतनं कायम चालू, पांढरी किल्ली फिरवल्यावर, हिरवी त्याच्यापुढं फ्यूजमधनं आलेली, निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, काळी अर्थिंगची. पण चाळीस वर्षांत कुणी कुणी मधे जोड मारलेले असतात म्हणून रंगावर डोळे झाकून विश्वास नको. मीटरच्या मागं स्पीडोमीटरची केबल हातानं फिरवून सोडायची, ओढायची नाही.

आणि उघडलंच आहे तर एरवी हात पोचत नाही ती सगळी कामं त्याच दिवसात बसवा, त्याची पण यादी आधीच करा. मीटरचे बल्ब सगळे नवीन, केबलला ग्रीस, फायरवॉलचे (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधला पत्रा) कडक झालेले ग्रोमेट, म्हणजे वायरी जातात त्या भोकांची रबरं, हवेचे पाइप, वायपरच्या लिंकेजचे बुश. ब्रिटिश पद्धतीच्या मीटरमागं एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे त्याच्यावर चालतात, परत बसवताना त्याचं अर्थिंग नीट लागलं नाही की दोन्ही काटे एकदम वर जाऊन बसतात आणि माणूस उगाच रेडिएटर खोलत बसतोय. तिथली जागा घासून स्वच्छ करून ठेवा. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीला मात्र यातलं काही लागू नाही, तिला घरी हात लावू नका.

शेवटचं, एक माणूस बोलावून ठेवा. डॅशबोर्ड वजनाला फार नसतो पण लांब असतो, एकट्यानं उचलला की मधे वाकतो आणि तडा आणखी लांब जातो, दोघांनी दोन टोकं धरून एकाच दारातनं तिरका बाहेर काढायचा. त्याला ठेवायला सावलीत सपाट टेबल आणि खाली जुनी गोधडी आधीच टाकून ठेवा, जमिनीवर उभा टेकवायचा नाही. बसवताना पण तोच माणूस पाहिजे, आणि सगळे स्क्रू आवळायच्या आधी बॅटरी जोडून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दिवे, दोन्ही काटे एकेक करून बघायचे. त्यातलं एक जरी चालत नसेल तर तिथंच थांबून ते शोधायचं, मगच पुढचा स्क्रू.