परतायचंय, पण सुरुवात कुठून करू?

मी पेशाने हिशेबनीस. नऊ वर्षं मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, आणि प्रार्थनेपासून लांब होतो, आणि कारण ऐकाल तर हसाल. मंडळीच्या जमाखर्चावरून भांडण झालं. आकडे माझेच बरोबर होते, आणि त्या तोऱ्यात मी देवालाही सोडून आलो. चाळिशी उलटल्यावर मात्र रोज संध्याकाळी एकच प्रश्न समोर यायला लागला: हे सगळं कशासाठी चाललंय? तुम्हीही तिथेच अडकला असाल, तर जे माझ्या कामी आलं ते सांगतो.

आधी जगण्याचा हेतू सापडू दे, मग देवाकडे जाऊ, असा क्रम लावू नका. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय वाचा. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत त्याला तीनदा नाकारलं होतं. इथे किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, आणि येशूचा पेत्राला प्रश्नही तीनदाच. 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे आधी. मेंढरं चारायचं काम त्यानंतर. त्या रात्रीचा जाबजबाब येशू मागतच नाही.

मग लूक 15 मधला उधळ्या पुत्राचा दाखला काढा, पेन्सिल हातात घेऊन. पाठ असला तरी काढा. बापाची वाटणी उधळून डुकरं राखायची वेळ आलेला मुलगा घरी जाऊन काय बोलायचं हे डुकरांमध्ये बसूनच ठरवतो, ते 18 आणि 19 व्या ओवीत आहे. 21 व्या ओवीत तो प्रत्यक्ष काय बोलला, ते शेजारी ठेवून पाहा. 'मला मजुरासारखं ठेवा' हे शेवटचं वाक्य राहून गेलंय. बाप तोवर धावत येऊन गळ्यात पडलाय, झगा आणायला सांगतोय. माझ्या धंद्यात त्या वाक्याला तडजोडीची बोली म्हणतात: बाकी फेडतो, तेवढं ठेवून घ्या. मीही तशीच बोली घेऊन गेलो होतो. रोज पहाटे तासभर प्रार्थना, वर्षात अख्खं बायबल. चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपलो आणि शरमेपोटी महिनाभर पुन्हा फिरकलो नाही. म्हणून सांगतो, नवस-करार काही करू नका. दहा मिनिटं पुरेत.

त्या दहा मिनिटांत काय बोलायचं सुचत नसेल, तर स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोन ओव्यांतच 'कुठवर?' असं चार वेळा देवाला विचारलंय. तक्रार चालते. गोडगोड बोलायची गरज नाही.

पापाची कबुली देताना मात्र मोघम राहू नका. 'माझ्या हातून चुका झाल्या' हा ढोबळ आकडा झाला. मी म्हणालो, 'प्रभू, त्या माणसाला मी सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालो.' कॅथलिक असाल तर धर्मगुरूंकडे पापनिवेदन करा, नाहीतर पाळकांशी किंवा भरवशाच्या एखाद्या विश्वासूशी बोला. ज्याला दुखावलं त्याच्याकडेही जा. मी गेलो. तो 'बरं' म्हणाला आणि दार लावून घेतलं. पुढे वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. तो त्याचा हक्क होता.

वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत लहान. उपासनेला जा, मागच्या बाकावर बसलात तरी हरकत नाही.

आणि हेतूचं काय? लोक यिर्मया 29:11 भिंतीवर लावतात, आशेचं वचन म्हणून: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव तिथे म्हणतो. त्याच्या आधीची ओवी कोणी लावत नाही. तिथे यहूदी लोकांना बाबेलच्या बंदिवासाची 70 वर्षं सांगितली आहेत, आणि त्याही आधी, पाचव्या ओवीत, घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय. म्हणजे जिथे आहात तिथलं, हाताशी असलेलं काम. मला वाटलं होतं, निदान हिशेब तरी माझ्याकडे देतील. दिल्या खुर्च्या मांडायला. नंतर एका आजोबांशेजारी बसायला सांगितलं. त्यांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून स्तोत्र मी वाचून दाखवतो.

गेल्या रविवारी त्यांनी मध्येच माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, ''हळू वाच रे. कुठं जायचंय तुला?''