देखाव्याचे ओझे उतरवताना: ख्रिस्ती कुटुंबांसाठी काही व्यवहारी सूचना

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, अशी समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समाजांमध्ये, खोल रुजलेली आहे, आणि त्यामुळे नम्रतेचे प्रश्न बहुधा बोलण्याच्या सुरापाशीच अडकून पडतात. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील हनन्या आणि सप्पीरा यांची हकीकत नीट वाचली, तर मुद्दा वेगळा असल्याचे ध्यानात येते. या जोडप्याने जमीन विकली, किमतीतला काही भाग स्वतःकडे ठेवला आणि उरलेली रक्कम जणू ती संपूर्णच आहे अशा थाटात प्रेषितांच्या चरणी आणून ठेवली. जमीन तुमचीच होती आणि विकल्यावर पैसाही तुमच्याच हाती होता, असे प्रेषित पेत्राने हनन्याला स्पष्ट सांगितले. म्हणजे काही राखून ठेवणे हा अपराध नव्हता. सगळे दिल्याचा आव आणणे हा अपराध होता. म्हणून आपल्या घरात जे आहे आणि आपण जे दाखवतो, त्यांत अंतर कोठे पडते हे आधी शोधावे. एका कागदावर अशा जागा लिहून काढल्या, तर यादीच्या शेंड्याला बहुधा पैसाच येतो.

पैशातही लग्न पहिले. पतपेढीचे कर्ज, भिशी लवकर उचलणे, आईच्या पाटल्या गहाण टाकणे, हे सारे सोलापुरात चारचौघांत बोलले जात नाही इतकेच. ऋण काढून सण करण्याची रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. त्यावर उपाय असा की, कार्यालय पाहायला जाण्यापूर्वी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून खर्चाचा आकडा तोंडाने उच्चारावा, आणि तो मुलाकडच्यांनी आधी उच्चारावा, कारण मुलीच्या बापाला 'आम्हाला एवढेच झेपेल' असे म्हणणे फार जड जाते आणि ती अडचण ओळखून पुढे होणे हीच खरी नम्रता आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला नोंदीसाठी किमान दोन साक्षीदार पुरतात. सातशे पाने उठावीत अशी अट कायद्यात नाही आणि शुभवर्तमानातही नाही. उपासनेनंतर उपासनामंदिराच्याच आवारात साधे जेवण ठेवले, तरी विवाहाच्या पावित्र्याला काही उणे येत नाही. पत्रिका छापण्यापूर्वी निमंत्रितांची यादी पुन्हा वाचावी आणि केवळ आपली ऐपत दिसावी म्हणून ज्यांना बोलावले आहे, त्यांची नावे गाळावीत.

दुसरी जागा म्हणजे कापणीच्या सणाचा लिलाव. ज्वारीचे पोते, भोपळा, कोंबडी, कोणाच्या घरून आलेला केक यांवर बोली लागते, हशा पिकतो, आणि त्या गमतीला माझी हरकत नाही. परंतु भोपळ्याची बोली दोन घरांच्या ईर्ष्येने चढत जाते आणि शेवटची बोली लावणारा टाळ्या घेऊन बसतो, तेव्हा ती रक्कम घरच्या किराण्यातून जाणार हे त्याच्या शेजारी बसलेल्या पत्नीला ठाऊक असते. येथे नियम सोपा आहे: आपण किती देणार हे घरीच पतिपत्नीने ठरवावे, त्यातला बहुतेक भाग पाकिटात घालून नाव न लिहिता अर्पणाच्या थैलीत टाकावा आणि लिलावासाठी उरलेली मर्यादा काही झाले तरी ओलांडू नये. मंडळीच्या कारभाऱ्यांनी देणगीदारांची नावे रकमेनिशी वाचण्याऐवजी एकूण जमा वाचली, तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले दान करताना कर्णा न वाजवण्याचे सांगणे आपोआप पाळले जाईल.

याच संदर्भात, जवळ होत्या तेवढ्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दान करणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती सांगताना मात्र सांभाळावे. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळून देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने फटकारले आहे. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट ऐकवून तिच्याकडून वर्गणी वाढवून घेणे म्हणजे त्याच शास्त्र्यांच्या पंगतीला जाऊन बसणे होय.

घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांचे दुखणे निराळे आहे. आपल्या घरी पाळी आली की ट्रंकेतली नवी सोलापुरी चादर दिवाणावर येते, शेजारून कपबशा येतात, आणि घरची बाई संपूर्ण सभाभर स्वयंपाकघरातच राहते. यासाठी महिला मंडळाने एकदाच ठरवून टाकावे की कोणत्याही घरी फक्त चहा आणि बिस्किटे असतील. एकट्या घराने साधेपणा दाखवला तर तो कंजूषपणा वाटतो, सर्वांनी मिळून ठरवला तर पुढची पाळी ज्या घरी आहे तेथील धास्ती कमी होते. सभेत प्रार्थनेची विनंती करताना 'आमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा' असे मोघम न म्हणता 'पगार थकला आहे, मुलांची फी भरायची आहे' असे नेमके सांगावे. नव्या करारातील आपल्या पत्रात याकोबाने एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे, पण म्हणून सगळे सगळ्यांसमोर मांडावे असे नाही. अवघड गोष्ट आधी विश्वासाच्या एकदोघांना सांगावी. मुलाचे व्यसन किंवा मुलीचे मोडलेले लग्न त्यांच्या संमतीवाचून सभेत काढू नये. ते त्यांचे आहे, आपले नव्हे. साक्ष देताना प्रार्थनेने बरे वाटले असे सांगायचे असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचाही उल्लेख करावा.

सर्वांत फसवा देखावा नम्रतेचाच असतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला, प्रार्थनेत स्वतःच्या धार्मिकतेची फुशारकी मारणारा परूशी आता कोणालाच व्हायचे नसते, म्हणून जो तो त्याच गोष्टीतल्या, स्वतःला पापी म्हणवणाऱ्या जकातदाराची भाषा उचलतो: 'मी कसला, मी तर पापी माणूस.' असे म्हणून समोरचा ते खोडून काढील याची वाट पाहिली जाते. याची पारख करायची असेल, तर तोच दोष दुसऱ्याने आपल्याला नेमक्या शब्दांत सांगितला की आपल्या कपाळाला आठी पडते का, हे पाहावे.

श्रद्धेतला आव तर पैशातल्या आवापेक्षाही जुना होतो आणि सोडवताना अधिक दुखतो. सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, ज्या सिद्धान्तांविषयी त्यांची खात्री पटली नव्हती ते मान्य असल्याचे भासवायला तयार नव्हत्या. ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या, त्या इंग्लिश धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून स्पष्टपणे वाद घातला. अशी शंका आपल्या मनात असेल, तर ती वर्षानुवर्षे मोठ्या आवाजातल्या गीतांखाली दाबून ठेवू नये. पाळकसाहेबांना आधी कळवून, उपासनेच्या गर्दीत नव्हे तर आठवड्यातल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी भेटावे, उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीविषयी, म्हणजे मतांगीकाराविषयी शंका असेल तर लांबण न लावता 'मतांगीकारातले हे वाक्य मला मनापासून म्हणवत नाही' एवढे सांगावे, आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.