तलम, नागमोडी केसांचा आखूड कट: आधी लाट मोजा, मग कात्री

‘माझे केस पातळ आहेत’ हे वाक्य आपण दोन वेगळ्या तक्रारींसाठी वापरतो, आणि कट बिघडायची सुरुवात तिथूनच होते. कुणाचे केस संख्येनेच कमी असतात, उजेडात टाळू दिसते. ते विरळ केस. कुणाचे केस दाट असतात, पण एकेक केस रेशमाच्या धाग्यासारखा असतो. ते तलम केस. सलूनमध्ये ‘बारीक’ म्हटलं की आखूड असाच अर्थ घेतला जातो, म्हणून इथे ‘तलम’ हाच शब्द वापरला आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते आणि तलम केस त्यातल्या खालच्या टोकाला असतो. ओळखायचं कसं? कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. जाड केस बोटांना जाणवतो, तलम जवळजवळ जाणवतच नाही.

अशा केसांना लाट असली तर कटाचं गणित नाजूक होतं. तलम केसात ताठपणा कमी. तो लांब वाढला की स्वतःच्याच वजनाने लाट ओढली जाते, वरचे केस टाळूला चिकटल्यासारखे दिसतात आणि टोकं तेवढी वळतात. उलट फारच आखूड केला तर लाटेला जागाच उरत नाही. अर्धं वळण शिल्लक राहतं आणि ते कुठेतरी बाहेर तोंड करून उभं राहतं, कानावर एक, कपाळावर दुसरं. या दोन टोकांच्या मधली जी लांबी आहे ती प्रत्येकाची वेगळी असते. मोबाइलमधला फोटो ती सांगू शकत नाही. तुमची लाट सांगते.

लाट मोजायची रीत

संध्याकाळी केस धुवा. तेल, जेल, क्रीम काही नको. पंख्याखाली आपोआप वाळू द्या, मध्ये हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर कपाळापासून तीन बोटं मागे, डोक्याच्या मधोमध, वीस-पंचवीस केसांची एक बट धरा. न ओढता शाळेची पट्टी तिच्या शेजारी धरा. एका बाजूच्या वळणाचा उंचवटा जिथे आहे तिथपासून त्याच बाजूच्या पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ३ सेंटिमीटर आलं. याच्या दुप्पट, म्हणजे ६ सेंटिमीटर, ही तुमच्या डोक्यावरच्या केसांची कमीत कमी लांबी. दोन पूर्ण वळणं मावली तरच ती लाट म्हणून दिसते.

आता तीच बट मुळापासून टोकापर्यंत आधी सैल आणि मग सरळ ताणून मोजा. ६ ची ७ किंवा साडेसात झाली, तर तो एक-दीड सेंटिमीटरचा फरक नीट लक्षात ठेवा. सलूनमध्ये पाणी मारून, कंगव्याने ताणून केस कापतात आणि वाळल्यावर ते नेमके तेवढेच वर चढतात. ‘सांगितलं तेवढंच कापलं, पण घरी आल्यावर आखूड झालं’ ही तक्रार इथूनच येते. ओल्यात कापायचे असतील तर फरक धरून लांबी सांगा.

लाट ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर हा हिशोब आखूड कटात बसत नाही. अशा वेळी लाटेचा हट्ट सोडावा आणि वरचे केस ३ सेंटिमीटरच्या आत ठेवून पुढे विंचरावेत. कपाळावर छोटी झुलपं येणारा क्रॉप अशा केसांना चांगला दिसतो.

बाजू, मान आणि भोवरा

बाजू जितक्या दाबलेल्या तितका वरचा भाग भरलेला दिसतो, हे खरं आहे. पण तलम केसांवर झिरो मशीन किंवा कानाच्या वरपर्यंत चढवलेला फेड, म्हणजे खाली जवळजवळ कातडीपासून सुरू होऊन वर हळूहळू लांब होत जाणारा मशीनचा कट, मारू नये. तिथली कातडी उघडी पडली की वरच्या केसांचा तलमपणा लगेच नजरेत भरतो. मशीनचे नंबर बहुतेक सलूनमध्ये सारखेच असतात: १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण ९ ते १०, ४ म्हणजे १२ ते १३. तलम केसांना कल्ल्यांपाशी आणि मानेवर २ नंबर, त्याच्यावर दोन बोटं ३ नंबर, आणि तिथून वर कंगव्यावर कात्री. मशीन तिथेच थांबली पाहिजे.

डोकं बाजूने वर जिथे वळतं, साधारण कपाळाच्या कोपऱ्याच्या पातळीवर, ती जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे केस जास्त ठेवले तर लाट बाहेर फुगते आणि डोकं अळंबीसारखं दिसतं. फार कापले तर वरचा भाग टोपी ठेवल्यासारखा वेगळा पडतो. तिथे ३ ते साडेतीन सेंटिमीटर ठेवून हळूहळू वर वाढवत नेणं हे कारागिराच्या हाताचं काम आहे. घाई असली की नेमकं हेच राहून जातं.

मानेवर वस्तऱ्याने सरळ रेघ मारून घेऊ नका. दहाव्या दिवशी रेघेखाली खुंट दिसतात. रेघ विरत गेलेली असली की केस वाढले तरी कट नीटनेटका दिसतो.

भोवऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे केस गोल फिरत उगवतात, त्यामुळे २ ते ३ सेंटिमीटर लांबी ठेवली की ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. एकतर ५ सेंटिमीटर तरी ठेवावेत, म्हणजे वजनाने बसतात, नाहीतर १ सेंटिमीटरच्या आत घ्यावेत. दोन भोवरे असतील तर लांब ठेवणंच बरं.

भांग कुठे पाडायचा हेही केसांनाच विचारावं. केस ओले करून सरळ मागे विंचरा आणि तळहाताने टाळू हलकेच पुढे ढकला. केस जिथे आपोआप दुभंगतात तो तुमचा भांग. त्याच्या उलट बाजूला पाडलेला भांग तासाभरात मोडतो.

दातेरी कात्री का नको

नागमोडी केस पाहिले की बऱ्याच कारागिरांचा हात सवयीने दातेरी कात्रीकडे जातो. जाड, दाट केसांचा भार कमी करायला ती उत्तम. तलम केसांत मात्र भार मुळातच नसतो. तिने कापल्यावर लांब केसांच्या आत आखूड केस तयार होतात. ते वळण घेऊन वरच्या केसांना बाहेर ढकलतात, टोकं आरपार दिसायला लागतात, आणि पावसाळ्यात सगळं डोकं पिंजलेल्या कापसासारखं होतं. वस्तऱ्याने टोकं तासली तरी तसंच, कारण तलम केसाचं टोक चिरतं. लाट मोकळी करायची असेल तर साधी कात्री उभी धरून टोकांना अर्धा सेंटिमीटर आत खाचा द्याव्यात, तेवढं पुरे.

खुर्चीत बसल्यावर हे एका दमात सांगा: ‘दादा, बाजूला खाली दोन नंबर, वर तीन, मग कात्री. वरचे केस वाळल्यावर सहा सेंटिमीटर राहिले पाहिजेत. दातेरी कात्री आणि वस्तरा वर नको. भोवऱ्यावर कमी करू नका. शेवटचा हात कोरड्यावर फिरवा.’ सेंटिमीटरचा अंदाज समोरच्याला येत नसेल तर स्वतःच्या बोटांवर दाखवा. मधल्या तीन बोटांची रुंदी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर भरते, पण घरी एकदा पट्टीवर मोजून जा.

दिवसही बघा. बऱ्याच गावांत सोमवारी सलून बंद, मंगळवारी आणि शनिवारी अनेक जण केस कापत नाहीत, त्यामुळे रविवारी सकाळी बाकड्यावर दहा माणसं बसलेली असतात. अशा वेळी कोरड्या केसांवर शेवटचा हात कुणी फिरवणार नाही. बुधवार-गुरुवारची दुपार गाठा. तेल लावून जाऊ नका, लाट दिसत नाही.

सकाळची दहा मिनिटं

केस ओले झाले की त्यातले काही अंतर्गत बंध सुटतात आणि वाळताना नव्याने बसतात. म्हणजे ज्या आकारात वाळतील तोच आकार दिवसभर राहणार. म्हणून सगळं कौशल्य वाळवण्यात आहे, जेलात नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शाम्पू. कंडिशनर वाटाण्याएवढा, फक्त टोकांना, मुळांना लागला की केस बसतात. केस टॉवेलने खसाखसा घासू नका, जुन्या सुती पंच्याने दाबून पाणी टिपा. निथळणं थांबलं पण केस अजून गार लागतात, अशा वेळी लिंबाएवढा मूस (केसांना लावायचा फेस) किंवा मिठाच्या स्प्रेचे चार-पाच फवारे मुळांकडे मारा. स्प्रे घरीही होतो: २०० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी आणि एक सपाट चमचा मीठ. फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा, रोज मात्र वापरू नका, मिठाने केस कोरडे पडतात.

आता डोकं पुढे झुकवून बोटांनी मुळं उचला, बटा मुठीत घेऊन टोकांकडून मुळांकडे दाबा. ड्रायर असेल तर मध्यम उष्णता, कमी वारा, १५ सेंटिमीटर दूर. केस बहुतांश वाळले की थांबा आणि बाकीचे आपोआप वाळू द्या. अर्धवट ओल्या केसांत कंगवा घातला की लाट फुटून पिसं होतात. पूर्ण वाळल्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी मॅट क्ले (केस बसवायचं, न चमकणारं घट्ट मलम) तळहातावर दिसेनाशी होईपर्यंत चोळा आणि आधी भोवऱ्याकडे, मग मध्ये, सगळ्यात शेवटी पुढे लावा. पुढून सुरुवात केली तर सगळा माल कपाळावरच्या झुलपात अडकतो आणि ती चिकट दिसतात. ओल्यासारखं चमकणारं जेल टाळा. तलम केस त्याने एकमेकांना चिकटतात आणि मधून टाळू दिसते.

खोबरेल सोडायची गरज नाही, वेळ बदला. धुण्याआधी रात्री किंवा तासभर आधी लावलेलं खोबरेल केसातली प्रथिनं धुऊन जाण्यापासून वाचवतं. धुतल्यानंतर लावलेलं तेच तेल लाट झोपवतं.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मिठाचा स्प्रे बंद ठेवा. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेव्हा केसांवरचं मीठही तेच करतं, हवेतला ओलावा ओढून घेतं. त्या दिवसांत वाटाण्याएवढं हलकं क्रीम ओल्या केसांना लावून वाळू द्यावं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत स्प्रे चालतो, पण आठवड्यातून दोनदाच. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांनी केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

हेल्मेटचं काय, हा दुचाकीवाल्यांचा रोजचा प्रश्न. ओले केस हेल्मेटखाली वाळले तर तोच चपटा आकार पक्का होतो, म्हणून निघताना मुळं कोरडी हवीत. आत सुती टोपी घाला. पोहोचल्यावर कंगवा काढू नका. बोटांची टोकं नळाखाली ओली करून फक्त मुळांशी फिरवा, उलट्या दिशेने उचला आणि दोन मिनिटं पंख्याखाली थांबा. लाट परत येते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. बाजू तीन ते चार आठवड्यांनी, वरचा भाग सहा आठवड्यांनी कापावा. दातेरी कात्री आधीच फिरली असेल तर दोन-तीन महिने वरच्या केसांना हात लावू देऊ नका, फक्त बाजू आणि मान करून घ्या. तोवर भांग पाडून, किंचित क्रीम लावून आतले आखूड केस दाबून ठेवता येतात. मधली लांबी दोन वळणांइतकी झाली की टोकांचा विरळ भाग साध्या कात्रीने सरळ काढून टाका.